चुन्याला तारीख द्या : नागपूर महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका.

विषय : उन्हाळ्यापूर्वी छते पांढरी करण्यासाठी स्वतंत्र तरतूद व ठरलेली मुदत मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाठवायला मी मुद्दाम नोव्हेंबर निवडला आहे. मार्चमध्ये पाठवलं असतं तर ‘पुढच्या वर्षी विचार करू’ असं उत्तर आलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश या वाटेने जाणाऱ्या कामाला तीन-चार महिने सहज लागतात. सरकारी बांधकामात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. छतावर पांढरा थर देण्याचं काम होळीच्या आत उरकलं तर उपयोगाचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, केलं तर ते फोटोपुरतं.

उन्हाळ्यासाठी आपण काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. 2016 पासून नागपूर आणि परिसरासाठी उष्णता कृती आराखडा आहे. पाणपोया लागतात, बागा दुपारी उघड्या राहतात, चौकातल्या सिग्नलवर हिरवी जाळी बांधली जाते, दवाखान्यांत उष्माघाताचे वेगळे पलंग ठेवले जातात. यातली बहुतेक व्यवस्था घराबाहेर पडलेल्या माणसासाठी आहे, आणि ती हवीच. पण घरात बसलेल्याचं काय? ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ ही सूचना वर्तमानपत्रात छापून येते, रिक्षावर भोंगा लावून सांगितली जाते. ज्याचं घरच टिनाचं आहे त्याच्यासाठी ही सूचना म्हणजे थट्टा आहे. बाहेर 45 अंश असताना कडुनिंबाखाली बसलेला माणूस त्या टिनाखाली बसलेल्यापेक्षा सुखात असतो. म्हणूनच वस्तीतली म्हातारी माणसं दुपारी दारासमोरच्या सावलीत खाट टाकून पडलेली दिसतात. बाया मात्र आत चुलीशी किंवा गॅसशी असतात, कारण स्वयंपाकघर उचलून झाडाखाली नेता येत नाही.

थोडं गणित मांडतो, आपल्या अभियंत्यांकडून तपासून घ्या. मे महिन्यात भर दुपारी सपाट छताच्या एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ऊन पडतं. तीनशे चौरस फुटांचं घर म्हणजे जवळपास 28 चौरस मीटर, म्हणजे त्या एका छतावर 28 किलोवॅट. दीड टनाचा एसी वीज ओढतो ती दीड-दोन किलोवॅट. जुना, काजळलेला, करडा स्लॅब यातलं सुमारे 70 टक्के ऊन पिऊन घेतो, म्हणजे वीस किलोवॅटच्या आसपास. ताजा पांढरा थर असेल तर पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त ऊन आल्या वाटेने परत जातं, आणि छताला पचवायला सहा-सात किलोवॅट उरतात. हे सगळंच खोलीत उतरत नाही, बरंचसं वरच्या हवेत जातं. पण स्लॅब पाच इंचांचा असतो, तो दिवसभर तापत राहतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडायला लागतो. रात्री नऊला पंखा लावला की तो छताखालची तापलेली हवाच अंगावर फेकतो, हा अनुभव नागपूरकराला नवा नाही. कूलर हवा गार करतो, पण डोक्यावरचा तापलेला स्लॅब गार करत नाही. त्याची धग अंगाला लागतच राहते.

टिनाचं गणित वेगळं आहे, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, मग तो थंड राहायला हवा असं वाटतं. उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्याला हात लावून पाहावा. उघडा धातू बरंचसं ऊन परतवतो हे खरं, पण जे थोडं पोटात घेतो ते बाहेर टाकता येत नाही. उष्णता किरणांच्या रूपाने सोडून देण्याची त्याची ताकद, म्हणजे उत्सर्जकता, फार कमी असते. पांढऱ्या रंगाच्या थरात हे दोन्ही गुण असतात. तो ऊन परतवतो आणि पोटातली उष्णताही झपाट्याने सोडतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत म्हणूनच दोन आकडे आहेत : मोठ्या व्यापारी इमारतींच्या सपाट छतासाठी सुरुवातीची परावर्तकता, म्हणजे ऊन परतवण्याचं प्रमाण, किमान 0.60 आणि उत्सर्जकता 0.90. निविदेत ‘चांगल्या दर्जाचा उष्णतारोधक पांढरा रंग’ असं मोघम लिहिलं की ठेकेदार भिंतीचा डिस्टेंपर फासून जातो. हे दोन आकडे लिहा, प्रयोगशाळेचा दाखला मागा.

चुना सगळीकडे चालत नाही, हेही त्या निविदेत यायला हवं. काँक्रीटचा स्लॅब, कोबा आणि सिमेंटचे पत्रे यांच्यावर चुना छान बसतो. कळीचा चुना आदल्या रात्री ड्रममध्ये भिजवावा, गाळून घ्यावा, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालावा, छत झाडून-धुऊन ओलसर असतानाच दोन हात द्यावेत. विरताना चुना खदखदतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे द्यायलाच हवेत. टिनावर मात्र चुना धरत नाही. पत्रा तापतो, थंड होतो, हलतो, आणि पोपडे निघतात. शिवाय ओला चुना जस्ताचा मुलामा खातो, म्हणजे पत्र्याचं आयुष्य कमी होतं. टिनाला गंज घासून, प्रायमर देऊन परावर्तक रंगच लागतो. तो चुन्यापेक्षा कित्येक पट महाग आहे. दोन्ही कामं एकाच दरात बसवायला गेलात तर ठेकेदार टिनावरही चुनाच मारेल आणि पहिल्या वळवाच्या सरीत तो नालीत जाईल. सिमेंटचे जुने पत्रे घासायचे नाहीत, त्यांतल्या ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत जातात. त्यांच्यावर थेट पायही द्यायचा नाही. पत्रा फुटून मजूर खाली पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

एक नाजूक गोष्ट. गळतीच्या भीतीने या शहरात स्लॅबवर काळी डांबरी शीट टाकायची पद्धत पडली आहे. पावसाळ्याचा प्रश्न सुटतो आणि उन्हाळ्याचा वाढतो, कारण काळा पृष्ठभाग जवळजवळ सगळं ऊन पितो. खाजगी घरमालकाला मी दोष देत नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण सरकारी पैशाने होणाऱ्या गळतीप्रतिबंधक कामांच्या अंदाजपत्रकात ‘वरचा थर पांढरा व परावर्तक’ ही ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. तसंही ते छत साफ होणारच आहे, मजूर वर चढणारच आहेत. खर्च वाढेल तो वरच्या एका थरापुरता.

आता थोडं बाजाराबद्दल. दुकानात डब्यावर ‘तापमान पंधरा अंशांनी कमी’ असं छापलेलं असतं. ते खोटं असतंच असं नाही, फक्त ते छताच्या पृष्ठभागाचं तापमान असतं. भर उन्हात करड्या आणि पांढऱ्या पृष्ठभागात तेवढा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. खोलीतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरते, घर कसं बांधलंय आणि वारा कसा खेळतो यावर ते ठरतं. पृष्ठभागाचा आकडा दाखवून खोलीचे पैसे घेण्याचा हा धंदा आहे. मी दोन ते पाच अंशांचाच आग्रह धरतो, कारण तेवढेही पुष्कळ आहेत. 23 मे 2013 ला या शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी खोलीतले तीन अंश म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला मिळालेली सवलत असते. (30 मे 2024 ला एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर गोंधळ उडाला. तो यंत्रातला बिघाड होता हे हवामान खात्याने सांगितलं. आपल्याला घाबरायला खरे आकडे पुरेसे आहेत.)

शेजाऱ्यांकडे पाहू. अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 माणसं जास्त दगावली. त्यातून 2013 चा उष्णता कृती आराखडा निघाला, दक्षिण आशियातला पहिला. 2017 मध्ये त्याच शहराने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे तीन हजार घरांवर आणि पालिकेच्या इमारतींवर पांढरा थर द्यायला सुरुवात केली. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरला खेटून असलेल्या तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये शीत-छत धोरणच जाहीर केलं, 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छतं, त्यांतली 200 एकट्या हैदराबादेत. तिथे सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक आहे. घरांपैकी 600 चौरस यार्ड आणि त्यावरच्या भूखंडांना बंधनकारक आहे, आणि ते भोगवटा प्रमाणपत्राशी जोडलेलं आहे. लक्ष्य कितपत गाठलं जाईल ही वेगळी गोष्ट. मला त्या धोरणातलं एकच आवडलं : लहान घराला सक्ती नाही. सक्ती ज्याला परवडते त्याला, मदत ज्याला परवडत नाही त्याला. आपल्याकडे असं काही बांधकाम नियमावलीत आणायचं तर नगरविकास खात्याकडे जावं लागेल, ते एकट्या महापालिकेच्या हातात नाही. म्हणून मी ते मागत नाही. मागतो ते आपल्या सहीने होण्यासारखं.

पहिली मागणी, स्वतःपासून सुरुवात करा. महापालिकेच्या शाळा, नागरी आरोग्य केंद्रं, झोन कार्यालयं, समाजभवनं, भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या अंगणवाड्या. अंगणवाडी आधी. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून मुलांचा भर उन्हाळा घरी जातो. अंगणवाडीतली तीन-चार वर्षांची पोरं मात्र टिनाखाली बसून खिचडी खातात. भाड्याच्या खोलीवर पालिकेने खर्च कसा करायचा, असा आक्षेप लेखा विभाग घेईल. घरमालकाकडून एका कागदावर संमती घ्या आणि करा, एवढंच त्याचं उत्तर आहे.

दुसरी मागणी वस्त्यांबद्दल, आणि इथे मला आपल्याशी थोडं भांडायचं आहे. ‘मालकी पट्टे नाहीत, वस्ती अधिकृत नाही, तिथे पालिकेचा पैसा घालता येत नाही’ हे उत्तर मी नाली, नळ, दिवा या प्रत्येक कामाच्या वेळी ऐकलं आहे. पट्ट्यांचा प्रश्न या शहरात वर्षानुवर्षं चालू आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल. पण पांढऱ्या थराने कुणाचा हक्क सिद्ध होत नाही. तो कायमचा नसतो, त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. डासांची फवारणी करताना पालिका पट्टा विचारत नाही, कारण ते आरोग्याचं काम मानलं जातं. हेही आरोग्याचंच मानून त्याच खात्यातून करा. लेखाशीर्ष बदललं की अर्धं भांडण मिटतं. बांधकाम विभागाच्या दृष्टीने हे रंगकाम आहे आणि रंगकाम नेहमी शेवटी येतं. आरोग्य विभागाच्या दृष्टीने हा उष्माघात टाळण्याचा उपाय आहे. फाइल कुठल्या टेबलावरून सुरू होते यावर तिचा शेवट ठरतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

काम ठेकेदारालाच द्यावं असं काही नाही. वस्तीतल्या बचत गटांना चुना, झाडण्या, चष्मे आणि चार तासांचं प्रशिक्षण द्या. फेब्रुवारीत त्यांना हाताला काम मिळेल, आणि कुठलं टिन कुणाचं, कुठल्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, कुठल्या घरात बाळंतीण आहे हे त्यांना सांगावं लागणार नाही. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी बायकांना धरूनच ही कामं पुढे नेली. घरांचा क्रम मात्र पालिकेने ठरवून द्यावा : आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायांची आणि घरातच हातमाग, शिलाई किंवा विडीचं काम करणाऱ्यांची. नगरसेवकाच्या घरापासून सुरुवात होण्याची आपल्याकडे परंपरा आहे, म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

मध्यमवर्गीय घरांना पैशाची गरज नाही, त्यांना कारण हवं. ते महावितरणच्या बिलात आहे. घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटला बदलतात. उन्हाळ्यात एसीमुळे तीनशेच्या पुढे गेलेलं प्रत्येक युनिट महागात पडतं, आणि पांढरं छत वाचवतं ती नेमकी हीच वरची महाग युनिटं. वरच्या मजल्यावर एसीला कमी धडपड करावी लागते. पण खरं तेच सांगायला हवं : पाच मजली इमारतीत हा फायदा बहुतेक सगळा सर्वांत वरच्या मजल्याला मिळतो. सोसायटीच्या सभेत तळमजल्यावाला ‘आम्ही वर्गणी का द्यायची’ असं विचारतो आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. भाड्याच्या घरात तर छत मालकाचं आणि बिल भाडेकरूचं. मालक कशाला हात घालेल? इथे मालमत्ता करात सवलत उपयोगी पडेल. सौर यंत्रणा आणि पाऊसपाणी साठवण यांसाठी राज्यातल्या काही महापालिका अशी सवलत देतात. त्या यादीत पांढरं छत घाला. सवलत लहान असली तरी चालेल. उपग्रहाच्या चित्रात छत पांढरं दिसतं की नाही हे तपासता येतं, निरीक्षकाला जिने चढायची गरज नाही.

आणि सौर पॅनल? केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली योजना आहे. पॅनलखालच्या छतावर सावली पडते, उरलेलं पांढरं करावं, दोन्हींचं भांडण नाही. पण पॅनल बसवायला स्वतःच्या नावाचं पक्कं छत आणि हातात थोडी रक्कम लागते. ज्याच्याकडे हे दोन्ही नाही त्याच्यासाठी आज चुन्याच्या एका गोणीचंही अनुदान नाही, हे मला खटकतं.

‘झाडं लावा’ असं कुणीतरी म्हणेलच. लावा. चार फुटांच्या गल्लीत कुठे लावायची तेवढं दाखवा.

जुन्या नागपुरात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. महाल भागातल्या वाड्यांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते, खाली माळा होता, कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची. पुढे कवेलू फेरणारे मिळेनासे झाले, उरलेले माकडांनी फोडले आणि लोकांनी टिन टाकलं. त्यांचं काही चुकलं नाही, टिन स्वस्त, हलकं आणि माकडांना पुरून उरणारं आहे. पण त्या बदलात छतातली हवेची पोकळी गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही. जिथे शक्य आहे तिथे टिनाखाली फुटभर जागा सोडून बांबूचा ताटवा किंवा साधं फॉल्स सीलिंग लावलं तर पांढऱ्या रंगाचा गुण आणखी वाढतो. घरकुलाच्या नव्या घरांत तर हे नकाशातच दाखवता येईल.

तोटे लपवत नाही. पांढऱ्या छतावर धूळ बसते आणि वर्षभरात परावर्तकता बरीच उतरते, म्हणून उन्हाळ्याआधी एकदा धुणं आलंच. पावसाळ्यात शेवाळ धरतं, पाय घसरतो. शेजारच्या उंच इमारतीत चकाकी जाते, तक्रारी येतील. डिसेंबरात घर किंचित जास्त गार राहील, पण नागपूरची थंडी किती दिवसांची? या तोट्यांना उत्तरं आहेत. टिनाखाली काढलेल्या मे महिन्याला नाही.

शेवटची मागणी मोजमापाची. एकाच नकाशाच्या, शेजारशेजारच्या दोन इमारती निवडा. एक पांढरी करा, एक तशीच ठेवा. दोन्हींत साधे कमाल-किमान तापमापक टांगा आणि एप्रिल ते जून रोज सकाळ-संध्याकाळच्या नोंदी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. रात्रीची नोंद विसरू नका, झोप रात्रीच मोडते. फरक पडला नाही असं दिसलं तर पुढच्या वर्षी हे काम बंद करा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

अंदाजपत्रक डिसेंबरात, निविदा जानेवारीत, काम 15 फेब्रुवारी ते होळी. उशीर होऊन कार्यादेश 15 मार्चपर्यंतही निघाला नाही, तर कृपा करून त्या वर्षीचं काम रद्द करा आणि तो पैसा सरळ पाणपोयांना द्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, तापलेल्या पत्र्यावर मजूर चढवून केलेलं काम मला नको आहे.

आपला,
बांधकाम विभागातून निवृत्त झालेला एक उपअभियंता,
दक्षिण नागपूर